ऑर्किडची कुंडी कधी आणि कशी बदलायची

‘कुंडी बदलली आणि महिन्याभरात ऑर्किड गेलं’ अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारते: नवी कुंडी केवढी घेतलीत? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. मोठी घेतली, मुळांना वाढायला जागा मिळावी म्हणून. कुंडीतल्या इतर झाडांना हे चालतं. ऑर्किडचा घोळ नेमका इथूनच सुरू होतो.

ऑर्किडची कुंडी बदलायची ती आतलं माध्यम, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे किंवा मॉस (वाळवलेलं शेवाळ), कुजलं म्हणून. घरात ठेवली जाणारी बहुतेक ऑर्किडं निसर्गात झाडांच्या फांद्यांना धरून वाढतात आणि त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सालीचे ताजे तुकडे एकमेकांना टेकून बसले तरी मध्ये पोकळ्या राहतात, त्यातून हवा खेळते. एक-दोन वर्षांत सालीचा भुगा होतो, पोकळ्या बुजतात, भुगा पाणी सोडत नाही आणि मुळं गुदमरतात. बुरशी त्यानंतर येते. कुंडीचा आकार हा दुय्यम प्रश्न आहे. कित्येकदा तीच कुंडी धुऊन परत वापरायची असते.

खाली जे सांगितलंय ते मुख्यतः फॅलेनॉप्सिस (मॉथ ऑर्किड) या प्रकारासाठी आहे, कारण घरोघरी तेच असतं. कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम अशा इतर ऑर्किडांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. खरंच गरज आहे का?

कुंडीबाहेर चार मुळं लोंबायला लागली की लोक मोठी कुंडी शोधायला निघतात. ती हवेतली मुळं आहेत, फॅलेनॉप्सिसला ती येणारच. आतलं माध्यम धड असेल तर त्या मुळांसाठी काहीही करू नका.

खरी लक्षणं कुंडीच्या आत असतात. बोट दोन पेरं आत घालून सालीचा एक तुकडा बाहेर काढा आणि चिमटीत दाबा. ताजा तुकडा टणक लागतो, मोडायला जोर लावावा लागतो. कुजलेला चिमटीतच चुरगळतो आणि बोटांवर काळपट डाग सोडतो. मग कुंडी नाकाशी न्या. ओल्या लाकडाचा वास ठीक आहे. आंबूस, कोंदट वास आला तर थांबण्यात अर्थ नाही.

आणखी काही खुणा:

- पूर्वी पाच-सहा दिवसांत सुकणारी कुंडी आता दहा-बारा दिवस जड लागते.
- रोप हलवलं की मुळासकट डगडगतं.
- माध्यमावर किंवा कुंडीच्या कडेला क्षारांचा पांढरा थर जमलाय.
- माध्यम ओलं आहे आणि तरीही पानं लुळी, सुरकुतलेली आहेत.

शेवटच्या खुणेपाशी सगळ्यात जास्त रोपं मरतात. पानं सुकलेली दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. प्रत्यक्षात मुळं कुजल्यामुळे पाणी वर चढतच नसतं, आणि नव्या पाण्याने उरलेली मुळंही जातात. ओलं माध्यम आणि लुळी पानं एकत्र दिसली की झारी बाजूला ठेवा आणि रोप कुंडीतून बाहेर काढा.

एरवी ढोबळ वेळापत्रक असं: सालीतलं फॅलेनॉप्सिस दीड-दोन वर्षांनी, मॉसमधलं साधारण वर्षाने, पॅफिओपेडिलम दरवर्षी, कॅटलिया दोन-तीन वर्षांनी. डेंड्रोबियमला घट्ट कुंडी आवडते, त्याला उगाच छेडू नका. टोपलीत मुळं सोडून लटकणाऱ्या व्हँडाला तर टोपली मोडकळीस येईपर्यंत हात लावायची गरज नसते.

२. वेळ साधा

फुलं संपलेली आणि नवी मुळं नुकती फुटायला लागलेली, ही सगळ्यात चांगली वेळ. नवं मूळ ओळखणं सोपं आहे: टोक चकचकीत, हिरवं किंवा तांबूस, आणि मागचा भाग रुपेरी. ही टोकं १ ते २ सेंटीमीटरची असताना काम उरकून घ्या. ती लांब झाल्यावर हात लावलात तर मोडतात, आणि टोक मोडलं की त्या मुळाची वाढ तिथेच थांबते. पुढे कधी मागून फाटा फुटतो, पण त्याची खात्री नाही.

कॅटलिया, ऑन्सिडियम यांच्यात नव्या कोंबाकडे बघायचं. कोंब थोडा वर आला की त्याच्या बुडाशी मुळांचे बारीक उंचवटे दिसतात. तोच मुहूर्त.

फुलं उमललेली असताना कुंडी बदलली तर फुलं आणि कळ्या बहुधा गळतात. रोप मरत नाही, पण ज्यासाठी ते आणलं तेच जातं. कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाच्या काहिलीतही हे काम टाळावं, कारण तेव्हा रोपाला सावरायला जास्त वेळ लागतो.

थांबा: मुळं कुजत असतील तर वरचं सगळं विसरा. फुलं असोत, कळ्या असोत, ऋतू कुठलाही असो, त्याच दिवशी काम करा आणि फुलाचा दांडा बुडापासून बोटभर वर कापून टाका. मुळं नसलेल्या रोपाला फुलं पोसायला लावू नये. कापलेला दांडा फुलदाणीत बरेच दिवस टिकतो, त्यामुळे तेवढं दुःख करायचं कारण नाही.

३. माध्यम आदल्या दिवशी तयार करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कोरडी साल पाणी शोषत नाही, नुसतं बाजूने वाहू देते. अशा सालीत बसवलेलं रोप पाणी घालूनही कोरडंच राहतं. म्हणून साल भांड्यात घेऊन त्यावर उकळतं पाणी ओता आणि रात्रभर भिजू द्या. उकळत्या पाण्याने किडे आणि त्यांची अंडीही मरतात. सकाळी चाळणीत उपसा आणि खाली राहिलेली बारीक भुकटी फेकून द्या. ती कुंडीत गेली तर पहिल्या दिवसापासून पोकळ्या बुजवत बसते.

तुकड्यांचा आकार मुळांच्या जाडीवर ठरतो. फॅलेनॉप्सिस आणि कॅटलियाची मुळं जाड, त्यांना १ ते २ सेंटीमीटरचे तुकडे. ऑन्सिडियम, पॅफिओपेडिलम यांची मुळं बारीक, त्यांना त्याच्या निम्मे. पाच भाग साल, एक भाग लाकडी कोळशाचे तुकडे, एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) हे मिश्रण बहुतेकांना चालतं. कोळसा साधा लाकडी हवा. शेगडीसाठी दाबून बनवलेल्या विटा वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. परलाइट ओतण्याआधी ओलं करा, त्याची धूळ छातीत जाऊ नये.

नारळाच्या सोडणाचे तुकडे सालीऐवजी चालतात, मात्र त्यात मीठ असू शकतं. पाणी दोन-तीनदा बदलत २४ तास भिजवा. कोको पीट ही वेगळी वस्तू आहे. तो भुसा पाणी धरून बसतो आणि फॅलेनॉप्सिसच्या मुळांना गुदमरवतो. बागेतली माती तर चिमूटभरही नको.

स्फॅग्नम मॉसबद्दल माझं मत सरळ आहे: ज्यांचा हात झारीकडे सारखा जातो त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मॉस फार पाणी धरतं. हवा कोरडी असेल, तुम्ही घरी कमी असाल किंवा रोपाला मुळंच कमी उरली असतील तर ते उपयोगी आहे. हाताळताना हातमोजे घाला. वाळक्या मॉसमधून स्पोरोट्रिकोसिस नावाचा त्वचेचा बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो, आणि तो बोटावरच्या बारीकशा ओरखड्यातूनही शिरतो.

४. हत्यारं

धारदार कात्री, सुरी, एक बोथट टोकाची बारीक काडी, जुनी वर्तमानपत्रं आणि कोमट पाणी. यात निर्जंतुक करण्याचा भाग सोडून बाकी विशेष काही नाही.

ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू खूप पसरलेले आहेत आणि ते कात्रीला लागलेल्या रसातून एका रोपातून दुसऱ्यात जातात. त्यांच्यावर उपाय नाही, लागण झालेलं रोप कायमचं लागणीचं. कात्री स्पिरिटने पुसली की जिवाणू आणि बुरशी मरतात, विषाणूंचा मात्र भरवसा नाही. त्यामुळे दोन रोपांच्या मध्ये पातं ज्योतीवर चांगलं तापवून गार करा. वर्तमानपत्राचा कागदही दर रोपाला नवा घ्या. (स्पिरिटची बाटली आणि ज्योत एकाच टेबलावर ठेवू नका.)

जुनी कुंडी परत वापरणार असाल तर घासून धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने खळबळून घ्या.

५. रोप बाहेर काढा

आदल्या दिवशी पाणी घाला. कोरडी मुळं ताठ आणि ठिसूळ असतात, ओली वाकतात.

प्लास्टिकची कुंडी असेल तर चारी बाजूंनी दाबून आतला गोळा सैल करा, मग आडवी धरून रोप बुडाशी धरा आणि हळूच ओढा. पानांना धरून ओढायचं नाही. बाहेर येत नसेल तर जबरदस्ती करण्यापेक्षा कुंडी कापा. कुंडी दुसरी मिळते. मातीच्या कुंडीला मुळं चिकटलेली असतील तर अर्धा तास पाण्यात ठेवून बोथट सुरी कडेने फिरवा. तरीही एखादं मूळ सुटलं नाही तर कुंडी फोडा आणि ती खापरी त्या मुळाला तशीच राहू द्या.

आता जुनं माध्यम पूर्ण काढा. बाहेरचं सहज गळून पडतं. खरा प्रश्न मधोमध असतो. रोपवाटिकेत लहानपणी ज्या मॉसच्या किंवा स्पंजच्या बुचात रोप वाढवलेलं असतं ते बूच वर्षानुवर्षं खोडाच्या खाली, मुळांच्या जाळ्यात अडकून राहतं. बाहेरची साल सुकली तरी ते ओलंच असतं. वरून सगळं छान दिसतं आणि रोप आतून, बुडापासून कुजत जातं. म्हणून मुळं बाजूला सारून मधोमध नक्की बघा. बूच सापडलं तर कोमट पाण्यात भिजवून काडीने थोडं थोडं उकरा. एक-दोन मुळं मोडली तरी चालतील, बूच राहता कामा नये.

बाजारातून नवं आणलेलं रोप फुलात असेल तर फुलं संपेपर्यंत थांबा, पण नंतर हे बूच शोधायला विसरू नका.

तपासा: मुळांचा झुपका कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धुतल्यावर आरपार उजेड दिसायला हवा. मध्ये गडद गोळा दिसला तर अजून काम बाकी आहे. याच वेळी खालच्या पानांच्या बगलेत आणि मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का तेही बघा. असले तर तो पिठ्या ढेकूण आहे, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा.

६. मुळं तपासा आणि कापा

रंगावर जाऊ नका. सगळ्यात जास्त चांगली मुळं रंग बघून कापली जातात. कुंडीत उजेड न मिळालेलं मूळ पिवळट असतं, सालीचा रंग लागलेलं तपकिरी असतं, आणि दोन्ही धडधाकट असू शकतात.

मूळ अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा आणि बुडापासून टोकाकडे हलकं दाबत जा. जिवंत मूळ भरीव लागतं, दाबाला टक्कर देतं. मेलेलं दोन प्रकारचं असतं: एक दाबलं की पिचकतं आणि घाण पाणी सोडतं, दुसरं पोकळ आणि कागदी लागतं. शंका आली तर थोडं ओढून बघा. मेलेल्या मुळाचं बाहेरचं आवरण बोटांत निघून येतं आणि आत दोऱ्यासारखा एक धागा उरतो.

अर्धं मूळ जिवंत आणि अर्धं मेलेलं असेल तर जिथे भरीवपणा सुरू होतो तिथेच कापा. कापलेल्या तोंडाशी आत पांढरं किंवा हिरवट दिसलं पाहिजे. तपकिरी दिसलं तर आणखी थोडं वर कापा.

मूळ ओलं केल्यावर दोन मिनिटांत हिरवं झालं तर ते नक्की जिवंत. मुळाभोवती व्हेलामेन नावाचा मृत पेशींचा जाड थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी दिसतो, पाणी प्यायला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा भाग दिसतो. उजेडात वाढलेल्या मुळांना ही परीक्षा चांगली लागू पडते. अंधारातली मात्र हाताने दाबूनच बघा.

जुन्या फॅलेनॉप्सिसला खाली उघडं, सुकलेलं खोड असतं, कारण खालची पानं गळत जातात आणि नवी मुळं वरून फुटतात. खोडाचा तळ काळपट, वाळका असेल आणि त्याला जिवंत मूळ नसेल तर निरोगी भाग लागेपर्यंत तो कापून टाका. वर निदान तीन-चार चांगली मुळं उरतायत ना, हे कात्री लावायच्या आधी मोजा. असं केल्याने रोप कुंडीत खाली बसतं आणि वरची मुळं माध्यमात पोचतात.

कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम यांचे पानं गळालेले फुगीर कंद म्हातारे दिसतात, पण ते रोपाचा साठा आहेत. हिरवे आणि टणक असतील तर ठेवा. रोपाचे दोन भाग करायचे असतील तर प्रत्येक भागात तीन-चार कंद हवेत. त्याहून लहान तुकडे केले तर फुलं येईपर्यंत अनेक वर्षं वाट बघावी लागते.

थांबा: कापलेल्या मुळांवर दालचिनीची पूड भुरभुरवायचा सल्ला सगळीकडे फिरतो. पानाच्या किंवा कंदाच्या जखमेवर ती ठीक आहे. मुळांवर नको, ती मुळाला सुकवते आणि शेजारची चांगली मुळंही त्यात सापडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं फेसाळणं बघायला समाधानकारक असतं, पण ते जिवंत पेशींनाही जाळतं. स्वच्छ पातं आणि थोडी हवा पुरते. रोप कागदावर सावलीत तीन-चार तास ठेवा, कापलेली तोंडं सुकू द्या. खूप कापावं लागलं असेल तर रात्रभर ठेवलं तरी चालतं.

७. कुंडी आता ठरवा

कुंडीचा निर्णय मुद्दाम इतक्या उशिरा ठेवला आहे. मुळं साफ होण्याआधी कुंडी ठरवणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं. निम्मी मुळं कापली गेली तर आधीपेक्षा लहान कुंडीच लागते. दोन-तीन मापांच्या कुंड्या धुऊन हाताशी ठेवा.

मुळांचा झुपका हलका गोळा करून कुंडीत उतरवा. कडेला सगळीकडून एखाद-दोन सेंटीमीटर जागा राहिली की पुरे. जास्त मोकळं माध्यम म्हणजे जास्त ओल, आणि ती प्यायला तिथे मुळंच नाहीत. कॅटलियासारख्या सरकत वाढणाऱ्या रोपाला पुढच्या दोन वर्षांच्या कोंबांपुरती जागा ठेवा, त्याहून अधिक नको.

पारदर्शक प्लास्टिकची कुंडी नवशिक्यांसाठी उत्तम. मुळं दिसतात, आतल्या भिंतीवर जमलेलं दव दिसतं, पाण्याचा अंदाज येतो. मातीची कुंडी लवकर सुकते; वापरायच्या आधी ती तासभर पाण्यात ठेवा, नाहीतर पहिलं पाणी तीच पिऊन टाकते. तळाला भरपूर भोकं हवीत, बाजूलाही असली तर उत्तमच. तळाशी खड्यांचा थर देऊन निचरा सुधारत नाही, जागा मात्र जाते. सुंदर बाहेरच्या कुंडीत ठेवणार असाल तर पाणी घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आत साचलेलं पाणी ओतून टाकायची सवय लावून घ्या.

८. रोप बसवा

फॅलेनॉप्सिस सरळ वर वाढतं, ते कुंडीच्या मधोमध. कॅटलिया, ऑन्सिडियम, डेंड्रोबियम आडवं सरकत वाढतात. त्यांचा जुना भाग कुंडीच्या कडेला टेकवा आणि नव्या कोंबाचं तोंड मोकळ्या जागेकडे करा. उलटं बसवलं तर पुढचाच कोंब कुंडीबाहेर जातो.

उंची नेमकी हवी. सगळ्यात खालच्या पानाचं बूड माध्यमाच्या पातळीवर यावं. त्याखाली गेलं तर पानाच्या बगलेत ओल साचून कुज लागते. फार वर राहिलं तर नवी मुळं सालीपर्यंत पोचायच्या आत सुकतात. कंदवाल्या रोपांचं आडवं खोड माध्यमावर टेकलेलं दिसलं पाहिजे, पुरू नका.

एका हाताने रोप त्या उंचीवर धरून ठेवा, दुसऱ्याने साल मूठ-मूठ घाला. दर दोन मुठींनंतर कुंडी टेबलावर दोन-तीनदा आपटा आणि काडीने तुकडे मुळांच्या मध्ये सारा. दाबायचं पण कोंबायचं नाही. मॉस वापरत असाल तर ते पिळून, फुलवून मग मुळांभोवती सैलसर गुंडाळा. घट्ट दाबलेलं मॉस कुजलेल्या सालीइतकंच वाईट.

हवेतली लांब मुळं कुंडीत कोंबायची घाई नको. ओली असताना वाकतील तेवढी आत घ्या, बाकीची बाहेर राहू द्या. हवेची सवय असलेलं मूळ जबरदस्तीने आत गाडलं तर ते बरेचदा मोडतं किंवा कुजतं.

तपासा: रोप बुडाशी धरून कुंडीसकट दोन-चार सेंटीमीटर उचला. कुंडी खाली पडली नाही तर रोप बसलं. डगडगत असेल तर आणखी साल भरा किंवा काडीचा आधार देऊन सुतळीने सैल बांधा. हलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं सालीवर घासून मरतात, म्हणून ही परीक्षा चुकवू नका.

शेवटी कुंडीवर तारीख आणि माध्यम लिहून चिकटवा. दीड वर्षाने ‘कधी बदलली होती बरं?’ हे कोणालाच आठवत नाही.

९. पाणी आणि पहिला महिना

मुळं फारशी कापली नसतील तर दुसऱ्या दिवशी पाणी घाला. खूप कापली असतील तर तीन-चार दिवस थांबा. साल आधी भिजवलेली असल्याने मुळं तेवढ्यात कोरडी पडत नाहीत, आणि जखमा बंद व्हायला वेळ मिळतो. पाणी खोडाच्या भोवती घाला. पानांच्या मधल्या खळग्यात साचलं तर कागदाने टिपून घ्या; तिथे कुज लागली की फॅलेनॉप्सिसची वाढच थांबते, कारण त्याला तो एकच शेंडा असतो.

त्यानंतर वाराप्रमाणे पाणी घालू नका. एक कोरडी लाकडी काडी कुंडीच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर, गडद झाली तर थांबा. मॉसमधून सालीत आणलेल्या रोपाला आधीच्या हिशोबाने पाणी घातलं तर ते तहानेने सुकतं, सालीतून मॉसमध्ये आणलेलं कुजतं. माध्यम बदललं की पाण्याचं गणित नव्याने मांडावं लागतं.

दोन-तीन आठवडे थेट ऊन नको, उजेड भरपूर हवा. खत अजिबात नको. नव्या मुळांची चमकती टोकं दिसली की मग सुरू करा, तेही पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने.

या काळात खालचं एखादं पान पिवळं पडून गळेल. ते ठीक आहे. पानं थोडी लुळी राहतील, तेही ठीक. वरचं, मधलं पान पिवळं पडलं किंवा बुडाशी मऊ, पाणचट डाग दिसला तर मात्र लगेच बघा. बाकी सहा-आठ आठवडे रोपाला एकटं सोडा. आत काय चाललंय म्हणून उपटून बघणाऱ्यांची ऑर्किडं लागत नाहीत.

१०. मुळं उरलीच नसतील तर

पानं अजून हिरवी आणि शेंडा टणक असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. फुलाचा दांडा कापा. लहान पारदर्शक कुंडीत पिळून घेतलेलं, जेमतेम ओलसर मॉस भरा आणि खोडाचं बूड त्यावर नुसतं टेकवा, आत खुपसू नका. आधाराला काडी बांधा. वरून भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी घाला म्हणजे पानांतून पाणी उडून जाणं कमी होईल. मंद उजेडात, उबदार जागी ठेवा. पिशवीत रोज थोडा वेळ हवा खेळू द्या, बुरशी दिसली तर मॉस बदला.

यात काही महिने जातात. एखादं नवं पान आलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते साठ्यावरही येतं. तीन-चार मुळं ४-५ सेंटीमीटरची झाली की पिशवी काढायला सुरुवात करा: आधी दिवसातून तासभर, मग वेळ वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण. सालीत हलवायचं ते त्यानंतर, आणि तेव्हाही मुळांना चिकटलेलं मॉस ओढून न काढता पाण्यात बुडवून सोडवा.